बांधाबाहेरचे शेत

जानेवारीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात मतदान यंत्र आले. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीचे सभागृह म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. एरवी ती वाढदिवसांना भाड्याने देतात. भिंतीवर कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा चकचकीत कागदी आकडा अजून चिकटलेला होता. त्याच्याखाली टेबल, टेबलावर यंत्र आणि शेजारी काचेची खिडकी असलेली पेटी. यंत्राबरोबर एक शिक्षिका आली होती. वय फार तर पंचवीस, खांद्याला मोठी पिशवी, आवाज दिवसभर बोलून बसलेला.

"बटण दाबलं की इकडे बघायचं. चिठ्ठी दिसेल. सात सेकंद थांबेल आणि आपोआप आत पडेल. आजी, तुम्ही दाबून बघता?"

मी दाबले. काचेआड चिठ्ठी आली, थांबली, कापली गेली आणि खाली पडली. मी विचारले, पुन्हा एकदा दाबू का?

मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजी, माणशी एकच हां!" सगळे हसले. मीही हसले. पण चिठ्ठी आत पडताना मी इतके टक लावून का पाहत होते, हे त्या खोलीत कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आता मी नव्वदीला टेकले आहे. चाळीस वर्षे वर्तमानपत्रात काम केले, त्यात या मतदारसंघाचे बहुतेक सगळे निकाल माझ्या हाताखालून गेले. पहिल्या निवडणुकीचा मात्र गेला नाही. तेव्हा मी वर्तमानपत्रात नव्हते. मी त्या मुलीच्या जागी होते.

*

पहिल्या निवडणुकीचा तो हिवाळा वसईत नेहमीसारखाच कोरडा होता. भात घरात आले होते. खाडीकाठच्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल धरला होता आणि मिठागरांत पाण्यावर पांढरी साय दिसू लागली होती. किनाऱ्याकडे, आमच्या बाजूला, पानवेलींना पाणी देणारे रहाट पहाटेपासून करकरत. माझे वडील वाडी करत. राजेळी केळी, पानवेल, थोडी भाजी. मी सातवी पास होऊन शिक्षिकेची परीक्षा दिली आणि खाडीकाठच्या एका प्राथमिक शाळेत लागले, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "पाण्याच्या वेळा शिकून घे. तिकडे घड्याळ चालत नाही."

ते खरे होते. शाळा खाडीच्या अलीकडे होती आणि निम्मी मुले पलीकडच्या गावातून तरीने येत. भरतीला होडी, ओहोटीला गुडघाभर चिखल. त्या गावाचे नाव मी इथे देत नाही. ज्यांच्यावर तेव्हा ठपका आला, त्यांची नातवंडे तिथे राहतात.

मतदारसंघ हा शब्द मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. मामलेदार कचेरीत आम्हा शिक्षकांना बोलावून नकाशा दाखवला. नकाशावर निळ्या पेन्सिलीची एक रेघ होती. रेघेच्या आतली सगळी गावे मिळून एक माणूस मुंबईला पाठवणार. आमची वाडी आत होती, मिठागरे आत होती, डोंगराकडची चिंचोटीही आत होती. एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे त्या रेघेने एका बाजूला आणली होती. मला ते फार मोठे वाटले. रेघ ओढणे किती सोपे असते आणि तिच्या कोणत्या बाजूला कोण राहते यावर किती अवलंबून असते, हे मला चार महिन्यांनी समजले, आणि ती रेघ नकाशावरची नव्हती.

मत देण्याची तेव्हाची रीत सांगितली पाहिजे, कारण ती आता कुणाला आठवत नाही. शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले, वर एक फट. मतदाराला कागद मिळे. तो घेऊन पडद्याआड जायचे आणि ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीच्या फटीतून आत टाकायचा. आमच्याकडे तीन पेट्या होत्या: होडी, छत्री आणि घोडा. लोकसभेच्या पेट्या दुसऱ्या कोपऱ्यात होत्या, पण बांध मुंबई सरकारच्या हातात होता, म्हणून पलीकडच्या गावाला फक्त या तीन पेट्यांशी मतलब होता.

बांधाचे असे. ते गाव खाऱ्या पाण्याला थोपवून भात पिकवत होते. शेते खाडीपेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध. आदल्या पावसाळ्यात तो एका जागी फुटला आणि प्रत्येक मोठ्या भरतीला तिथून पाणी आत येऊ लागले. बांधाच्या त्या तुटीला गावात खांड म्हणत. खांडीला लागून पहिले शेत चांगीबायचे होते. चांगीबाय विधवा होती, तिशीची असावी, एक मुलगी पदरात, दिराच्या घराला लागून तिची झोपडी. खांड बुजली तर दोन पावसांत माती धुऊन निघेल आणि भात येईल. नाही बुजली तर शेत गेले. एवढा साधा हिशेब होता आणि तो गावातल्या प्रत्येकाला माहीत होता. होडीचे उमेदवार एक वकील होते. ते गावात येऊन, चपला हातात घेऊन खांडीपर्यंत चिखलातून चालत गेले आणि म्हणाले, निवडून आलो तर पहिले काम हे.

*

मतदानापूर्वी पंधरा दिवस मला पलीकडे पाठवले. बायकांना मत कसे द्यायचे ते शिकवायचे होते. दाखवायला कचेरीतून एकच रिकामी पेटी मिळाली होती, ती पुरुषांना शिकवायला गेलेले मास्तर घेऊन गेले. मी शाळेतला रॉकेलचा रिकामा डबा घेतला, तीन बाजूंना खडूने होडी, छत्री, घोडा काढले आणि तरीत बसले.

गावदेवीच्या पारावर चाळीसेक बायका जमल्या. कागद वाया जायला नको म्हणून मी आंब्याची पाने गोळा करवली. चिन्हे मी डबा पालथा धरून काढली होती, म्हणून ती सरळ दिसावीत यासाठी पारावरही तो पालथाच ठेवला. पालथ्या डब्याला फट कुठून असणार? मी पान घेऊन होडीच्या अंगाला वर ठेवून दाखवले. "असं. ज्याला द्यायचं त्याच्यावर. कुणाला सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही." खरी पेटी पुढच्या भरतीला आणून दाखवीन, असे मी मनाशी म्हटले होते.

चांगीबाय पान हातात धरून उभी राहिली. "बाय, हा मत माजा एकटीचा?"

"तुमचा एकटीचा."

"दिराचा येगला?"

"वेगळा."

"मंग दिराला इचारायची गरज नाय?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "दिराला नको, भावाला इचार गो. तो सांगल छत्रीला दे, तुजी खांड उगडीच ऱ्हाईल." बायका खदखदून हसल्या. चांगीबायचे माहेर ज्या गावचे, ते गाव छत्रीकडे होते. ती थट्टा मला तेव्हा समजली नाही.

मग एकेक जण आली, पान डब्यावर ठेवले, आणि पान ठेवल्यावर नकळत हात जोडून मागे सरकली. देवीपुढे काही ठेवताना त्यांचे हात जसे जात तसेच ते गेले. मी कौतुकाने पाहत होते. चाळीस बायका, एकीचेही चुकले नाही. परत येताना तरीवाला बुधा म्हणाला, "मास्तरीनबाय, लय लवकर शिकल्या." मी म्हणाले, हो.

पुढच्या भरतीला मी गेले नाही. शाळेत तपासणी होती. त्यानंतरच्या भरतीला पेटी मिळाली नाही. असे करता करता मतदानाचाच दिवस आला.

दरम्यान गावकी बसली. गावकी म्हणजे घरटी एक पुरुष. काही ठरवायचे असले की प्रत्येक घरचा पुरुष देवीपुढच्या दगडावर एक सुपारी ठेवी. सुपारी ठेवली की शब्द दिला. त्या दिवशी सगळ्यांनी होडीसाठी सुपारी ठेवली, तेव्हा चांगीबाय पारापाशी येऊन उभी राहिली आणि जोमा पाटलाला म्हणाली, "मत जर येगला, तर सुपारी पन येगली पायजे. आमीबी ठेवताव." गावात असे कधी झाले नव्हते. जोमा पाटील म्हातारा, गावकीचा प्रमुख. त्याने दगडावरच्या सुपाऱ्यांकडे पाहिले, मग म्हणाला, "ठेवा. पन ठेवली का फिरायचा नाय." बायकांनी सुपाऱ्या ठेवल्या. हे मला बुधाने सांगितले.

*

मतदान आमच्या शाळेत होते. बायकांची खोली वेगळी. त्या खोलीतली मतदान अधिकारी मी. केंद्राध्यक्ष हायस्कूलचे एक जुने शिक्षक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पडद्यासाठी मी आईचे जुने हिरवे लुगडे आणले होते. सकाळी अलीकडच्या गावच्या बायका येऊन गेल्या. दुपारी भरती आली आणि पलीकडून दोन होड्या भरून बायका उतरल्या. सगळ्या डोक्याला तेल लावून, धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या.

चांगीबायच्या बोटाला मी शाई लावली. तिने बोट उजेडात धरले. "ही कवा जाईल?"

"पंधरा दिवसांनी."

"ऱ्हाऊ दे मंग. भांडी घासताना दिसल."

ती पहिली आत गेली. तिच्यामागून एकेक. पाणी उतरायच्या आत परत जायचे होते, म्हणून घाई होती, तरी कुणी ढकलाढकल केली नाही. मला बाहेर बसून फक्त लुगड्याखालून पावले दिसत. पावले आत जात, थांबत, एक पाऊल मागे सरकत आणि बाहेर येत. ते मागे सरकणे मी ओळखायला हवे होते.

वेळ संपल्यावर अण्णा आणि मी पडदा बाजूला केला. होडीच्या पेटीवर कागदांची गड्डी होती. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक सुपारी ठेवली होती.

अण्णांनी खुर्ची ओढली आणि नियमांचे पुस्तक उघडले. त्यांना नियम पाठ होता, तरी उघडले. पेटीबाहेर सापडलेला कागद रद्द.

मी म्हणाले, "अण्णा, फट इथेच आहे. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी मत दिलंय. कुणाला दिलंय ते दिसतंय."

"दिसतंय."

"मग?"

"आज हे तू आणि मी चांगल्यासाठी आत टाकू. पाच वर्षांनी दुसऱ्या कुठल्या खोलीत दुसरे दोघं दुसऱ्या कशासाठी टाकतील. त्यांना काय सांगायचं?" त्यांनी दौत जवळ घेतली. "हे शिकवलं कुणी यांना?"

त्यांनी वर पाहिले आणि पुन्हा विचारले नाही. प्रत्येक कागदावर त्यांनी 'रद्द' लिहिले. अक्षर सुंदर होते. कागद लिफाफ्यात गेले, लिफाफ्याला लाख लागली. सुपारी टेबलावर राहिली. "हिच्याबद्दल नियम नाही," अण्णा म्हणाले. ती मी पदराच्या गाठीत बांधली.

*

होडीचे वकील निवडून आले. पलीकडच्या गावातली सात-आठ माणसे सुकेळी आणि हार घेऊन त्यांच्याकडे गेली. हे मी पाहिलेले नाही. बुधाकडून आणि पुढे जोमा पाटलाकडून ऐकले, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. वकिलांनी हार घेतला. मग टेबलावरचा एक कागद ओढला. पेटीपेटीने मोजणी झालेली असल्याने कोणत्या केंद्राच्या कोणत्या पेटीत किती, हे सगळ्यांना कळत असे. ते म्हणाले, "पाटील, तुमच्या पुरुषांनी मला मत दिलं, मान्य आहे. बायकांच्या पेटीत मात्र अलीकडच्या गावापुरतीच मतं निघाली. अर्धं गाव माझ्या विरुद्ध. बांधाचं बघू, पण आधी जी गावं पूर्ण माझ्याबरोबर होती त्यांचं बघावं लागेल."

ते वाईट गृहस्थ नव्हते. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत या मतदारसंघाने पाठवलेली पुष्कळ माणसे मी जवळून पाहिली. त्यांपैकी बहुतेकांनी तोच कागद त्याच तऱ्हेने ओढला असता.

माणसे परत आली आणि गावकी बसली. बायकांनी सुपारी ठेवली होती आणि बायका फिरल्या होत्या, असे सगळ्यांना वाटले. प्रत्येक घरात त्या रात्री काय झाले असेल ते झाले. सगळ्या बायकांना वाळीत टाकता येत नाही. एक लागते. सुपारीचा आग्रह कुणी धरला? चांगीबायने. माहेर छत्रीकडे कुणाचे? चांगीबायचे. पडद्याआड पहिली कोण गेली? ती म्हणत राहिली की मी होडीलाच दिले. बाकीच्या बायकाही म्हणत राहिल्या. पण ज्या बाईचे मत वेगळे, तिचा शब्दही वेगळा धरायला गाव शिकले नव्हते.

होळी झाली आणि गावाने स्वतःच बांधाला हात घातला. घरटी एक माणूस, रोज सकाळी ओहोटीला. सरकार येणार नाही, तर आपणच. मात्र खांड होती तिथे बुजवायला मोठी भर लागणार होती आणि तेवढी माणसे नव्हती. म्हणून बांध आत घेतला. जुन्या जागेऐवजी शंभर पावले आतून नवी रेघ टाकली. ती कुठून न्यायची, हे गावकीने ठरवले. चांगीबायचे शेत नव्या बांधाच्या बाहेर राहिले.

चांगीबायवर ठपका आला आहे आणि बांध असा आत घ्यायचे ठरले आहे, हे बुधाने मला तरीत सांगितले, वल्हे मारता मारता, हवेपाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसे. होळीच्या दोन दिवस आधी. बांध अजून सुरू व्हायचा होता.

मी अण्णांकडे गेले. विचारले, शपथ घेतली आहे, गुपित ठेवायची. मी काय सांगू शकते?

अण्णा म्हणाले, "किती कागद रद्द झाले हे गुपित नाही, अहवालात आहे. कोणत्या पेटीवर होते, ते गुपित. आणि तू डबा कसा ठेवलास, ते तर तुझंच आहे. ते सांगायला कुणाची परवानगी लागते?"

म्हणजे मार्ग मोकळा होता. तरी मी गेले नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. तक्रार झाली तर होणार नव्हती. वडिलांनी वाडीत सगळ्यांना सांगितले होते की मुलगी सरकारी शिक्षिका आहे. मी आज जाते, उद्या जाते असे म्हणत राहिले. शाळेच्या ओट्यावरून खाडीपलीकडे माणसांची रांग दिसे, डोक्यावर मातीच्या पाट्या. रांग रोज थोडी पुढे सरकलेली असे. उन्हाळा चढला, मिठागरांत मिठाचे ढीग लागले, त्यांवर गवताची शाकारणी सुरू झाली. कायम झाल्याचे पत्र वैशाखात आले. मी ज्येष्ठात गेले.

*

डबा बरोबर नेला. गावदेवीच्या पारावर गावकी बसली, बायका मागे उभ्या. मी डबा पालथा ठेवला, आंब्याचे पान त्यावर ठेवले आणि म्हणाले, "मी यांना असं शिकवलं. यांनी तसंच केलं. पेटीला वर फट असते, त्यातून आत टाकायचं असतं, ते मी दाखवलं नाही. बाहेर राहिलेले कागद सरकारने रद्द केले. कुणी फिरलं नाही. चूक माझी आहे."

मग पदराची गाठ सोडून सुपारी जोमा पाटलाच्या हातावर ठेवली. "ही त्या कागदांवर होती."

म्हातारी पुढे आली. तीच, थट्टा करणारी. डब्याकडे बघत म्हणाली, "आमी तर आसाच केला. आसाच केला ना गो?" कुणी हसले नाही.

जोमा पाटलाने विचारले, "म्हंजे फितूर कोन नाय?"

"कुणी नाही."

त्याने नव्या बांधाकडे पाहिले. तिथून तो दिसत होता. वरची माती अजून ताजी, लालसर. "बांध झाला, बाय," तो म्हणाला. "आता पाऊस चार दिसांवं हाय. आता नाय फिरवता येत."

चांगीबाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या बोटावर शाई नव्हती.

"तुना ठावं व्हता?"

"हो."

"कवापासना?"

"मतदानाच्या दिवसापासून."

तिने मान हलवली, जणू मोजत होती. "मंग होळीला का नाय आलीस? होळीला मातीला कोनी हात लावला नव्हता."

मी चाळीस वर्षे लोकांना प्रश्न विचारून पोट भरले. इतका नेमका प्रश्न मला विचारता आला नाही. त्या दिवशी त्याचे उत्तर माझ्याजवळ होते, दोन शब्दांचे, आणि ते मी दिले नाही.

गावात आळ खोटा ठरला की सुपारी फोडून वाटत. जोमा पाटलाने अडकित्ता मागवला आणि सुपारी चांगीबायच्या हातात दिली. तिने ती फोडली, बारीक केली आणि वाटत निघाली. आधी बायकांना, मग पुरुषांना, दिरालाही. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचा तळहात रिकामा होता. माझ्या वाट्याची संपली होती की तिने मुद्दाम संपवली होती, मी विचारले नाही.

निघताना ती म्हणाली, "डबा ठेवून जा. पानी भराला व्हईल."

*

त्या पावसात चांगीबायच्या शेतात खाडी आली आणि राहिली. गावकीने तिला दुसरीकडे एक लहान तुकडा कसायला दिला. तो तिच्या शेताच्या चौथाईसुद्धा नव्हता. तिच्यावरचा बहिष्कार मात्र उठवला. ती पुन्हा लावणीला इतरांच्या शेतात जाऊ लागली, इतर तिच्या.

दुसरी निवडणूक आली तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते, सभा मोठ्या होत होत्या, आणि बांधाविषयी कुणी बोलत नव्हते. पेट्यांची रीत तीच होती. मी पुन्हा त्याच खोलीत, त्याच टेबलाशी. या वेळी पंधरा दिवस आधी खरी पेटी घेऊन चार भरत्या पलीकडे गेले होते. चांगीबाय आली, शाई लावून घेतली, आत गेली. लुगड्याखालून तिची पावले दिसली. ती मागे सरकली नाहीत. बाहेर आल्यावर ती टेबलासमोर थांबली आणि दोन्ही तळहात उघडून मला दाखवले. रिकामे. मग होडीकडे गेली.

पुढे नवा प्रतिनिधी आला, नवे राज्य झाले आणि एका वर्षी सरकारी बांधही आला. पक्का, दगडी. अभियंत्याने नकाशा काढला. नकाशात जो बांध होता त्याच रेषेवर त्याने दगड घातले. जुना बांध कुठे होता, हे नकाशात नव्हते. चांगीबायचे शेत कायमचे बाहेर गेले. ती तेव्हा हयात होती. मी तोवर शाळा सोडून मुंबईला एका दैनिकात लागले होते. बांधाच्या उद्घाटनाची बातमी माझ्याकडे आली. मी ती लिहिली. त्यात चूक एकही नव्हती.

दैनिकात माझी एक खोड प्रसिद्ध होती. निकालाच्या तक्त्यात शेवटची ओळ, बाद मते, मी कधी गाळू दिली नाही. जागा कमी पडली की उपसंपादक आधी तीच कापत. "बाई, ही कोण वाचतं?" मी म्हणे, छापा. मतदारसंघाच्या रेघा बदलल्या, गावे इकडची तिकडे गेली, ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा निघाला, माणसे येत-जात राहिली. विजयी झालेल्यांची नावे मला आता क्रमाने सांगता येत नाहीत. बाद मतांची ओळ डोळ्यांसमोर येते.

*

सभागृहातले लोक पांगले. शिक्षिका यंत्राच्या वायरी गुंडाळत होती. वॉचमनने तिला चहा आणून दिला. मी विचारले, आता कुठे?

"उद्या फुलपाड्याला, आजी. तिथे चाळी खूप आहेत, बायका दुपारच्याच भेटतात. पण यंत्र एकच आहे, ते उद्या दुसरीकडे द्यायचंय. तिथे फलकावर चित्र लावून सांगणार. तसं सोपंच आहे, कळतं लोकांना."

"तुमची नोकरी कायम झाली?" मी विचारले.

ती गोंधळली. "नाही अजून. का हो?"

मी खुर्ची ओढून बसले आणि तिला म्हणाले, पाच मिनिटे बसा. मग डब्याचे सांगितले. त्या पारानंतर हे मी कुणाला सांगितले नव्हते. वडिलांना नाही, दैनिकात नाही. जे वर लिहिले आहे तेवढेच सांगितले, आणि होळीच्या प्रश्नाचे दोन शब्दांचे उत्तरही सांगितले: भीती वाटली. चहा तिच्या हातात निवला.

तिने विचारले, "आणि ते शेत?"

"तिथे तिवरं आहेत आता. भरतीला दिसत नाही."

ती थोडा वेळ वायरीशी चाळा करत राहिली. मग तिने फोन काढला आणि कुणाला तरी म्हणाली, "सर, फुलपाड्याचं उद्याचं रद्द करा. यंत्र मोकळं होईल त्या दिवशी जाते... हो, रविवार असला तरी चालेल."

रद्द हा शब्द ऐकून आयुष्यात पहिल्यांदाच मला बरे वाटले.